साळवेमामांचं विरजण

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढं पुष्कळ वर्षं सही आणि किराणाची यादी सोडून काही लिहिलं नाही. ऱ्हस्व दीर्घ मला अजून कळत नाही, जिथं बरी दिसेल तिथं वेलांटी देते. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलीच तर शुद्धलेखनाला हसू नये आणि रंगांच्या नोंदी मात्र खऱ्या मानाव्यात, कारण त्या खिडकीच्या उजेडात बघून लिहिल्या आहेत.

वहीची निम्मी पानं नोंदींचीच आहेत. तारीख, टाकी कुणाची, अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट, आणि प्रत्येकासमोर रंग. हे अवघड शब्द मला साळवेमामांनी लिहायला शिकवले. उरलेल्या पानांवर त्यांच्याविषयीच लिहायचं ठरवलं आहे. ते वारलेले नाहीत. पण माणूस गाव सोडून गेला की त्याच्या सवयी आपल्या डोळ्यापुढून लवकर जातात, म्हणून लिहिते.

मामा दौंडचे. रेल्वेत खलाशी म्हणून लागले तेव्हा कोळशाची इंजिनं होती, आणि इंजिनाच्या बॉयलरचं पाणी तपासायची एक खोली होती. त्या खोलीत काचेच्या नळ्या धुवायचं काम मामांना मिळालं. नळ्या धुता धुता साहेब काय करतात ते बघत राहिले. साहेब रजेवर गेले की पाणी तपासून कागद तयार ठेवायचे आणि साहेब आले की नुसती सही घ्यायचे. मामा सातवी शिकलेले. "नळी धुणाऱ्याला नळीतलं जास्त दिसतं, ताई," असं म्हणायचे. पुढं ती इंजिनं बंद झाली, तेव्हा रेल्वे कॉलनीच्या नळांना क्लोरीन येतो की नाही ते बघत फिरायचं काम आलं. रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत माशांच्या टाक्या मांडल्या आणि दौंड, शिरूर, मधल्या गावांतली हौशी माणसं त्यांना टाक्या लावायला बोलवू लागली.

मी शिरूरला दातांच्या एका दवाखान्यात झाडलोट करते. डॉक्टर म्हणजे आमच्या मॅडम. पेशंट बसतात तिथं त्यांनी मामांकडून चार फुटी टाकी लावून घेतली होती, चौदा गोल्डफिश. काही तर तळहाताएवढे. मामा महिन्यातून एकदा दौंडहून एसटीनं यायचे. पांढरा हाफ शर्ट, खिशात पेनाशेजारी रबराचं टोपण असलेली काचेची नळी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. पिशवीत तपासायच्या नळ्या असायच्या, आणि प्रत्येक नळी जुन्या पायमोज्यात गुंडाळलेली. आल्या आल्या माणसांकडं बघायचे नाहीत. आधी टाकीपुढं गुडघे टेकायचे, झाकण उचलून वास घ्यायचे, आणि मग उठून, "जय भीम मॅडम, बऱ्या हायसा का?"

मॅडम म्हणायच्या, "मामा, आधी माशांची तब्येत, मग माझी?"

"मासं बोलत न्हाईत, मॅडम. तुम्ही तर बोलताच की."

मी पाणी नेऊन द्यायची. पेला हातात घेतला की ते आधी उजेडाकडं धरायचे, फिरवायचे, मग प्यायचे. मला आधी राग यायचा, पेला नीट घासलेला असायचा. नंतर कळलं की ते स्वतःच्या घरीही असंच करतात आणि मामी त्यांना त्यावरून रोज बोलतात. "लग्नाआधी मलाबी असंच उजेडाला धरून बघायचं हुतं," मामी म्हणायच्या. मामा म्हणायचे, "धरलं असतं, पर तुझा बाप मधी उभा हुता."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. टाकीत काही बिघडलं आणि मालक सांगायला लागला, की काल खाणं जास्त पडलं असेल, पाहुण्यांच्या पोरांनी हात घातला असेल, की मामा हात वर करायचे. "तुम्ही थांबा. पाण्याला इचारू." आणि पायमोज्यातून नळी काढायचे. नळीत पाणी, त्यात बाटलीतले थेंब मोजून, बोटानं तोंड बंद करून हलवायचं, मग पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. मोबाईल वाजला तरी उचलायचे नाहीत.

त्यांची नि माझी खरी ओळख माझ्या चुकीमुळं झाली.

दिवाळीआधी मॅडम आठवडाभर गावाला गेल्या आणि दवाखाना साफ करून ठेव म्हणाल्या. मी सगळं घासलं. पंखे, खुर्च्या, जाळ्या. टाकी तेवढी कशी सोडणार? मासे बादल्यांत काढले. तळाची वाळू उकळत्या पाण्यानं धुतली. टाकीला एका बाजूला पेटी होती, तिच्यातून पाणी गाळून येतं, आणि त्या पेटीत एक स्पंज. तो स्पंज काळाकुट्ट, बुळबुळीत. मला वाटलं, एवढी घाण दवाखान्यात, ती पण पेशंटसमोर! भांड्याच्या साबणानं धुतला, पांढरा होईपर्यंत पिळला, आणि गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवला. ऊन दाखवल्याशिवाय वास जात नाही, हे लहानपणापासून मला ठाऊक. नळाचं पाणी मात्र क्लोरीन उडून जावा म्हणून ड्रममध्ये दिवसभर ठेवून मगच भरलं, तेवढं मामांनी सांगितलेलं लक्षात होतं. टाकी अशी चमकली की जणू आत पाणीच नाही.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सहाव्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा अकरा मेले होते. मी ते एकेक करून मागच्या बागेत पुरले होते.

त्या आठवड्यात दोनदा वीज बराच वेळ गेली होती. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "गेली ना वीज, पंप बंद पडला, गुदमरले बिचारे." मी काही बोलले नाही. मला बोलताच येत नाही पटकन. आणि खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

मामा दुसऱ्या दिवशी आले. गुडघे टेकले. मॅडम विजेचं सांगायला लागल्या तर त्यांनी हात वर केला. पाच मिनिटांनी नळी खिडकीपाशी धरली. अमोनिया नसेल तर पिवळं राहतं. ती नळी गर्द हिरवी, पानासारखी. त्यांनी पेटी उघडली, स्पंज बोटांत धरून बघितला आणि परत ठेवला.

"काय झालं मामा?" मॅडमनी विचारलं.

"पाणी कच्चं झालंय," मामा म्हणाले. आणि पेटीचं झाकण लावून टाकलं. उरलेले तीन मासे त्यांनी डब्यात घेतले, घरी नेतो म्हणाले.

जिन्यापर्यंत मी डबा घेऊन गेले. खाली आल्यावर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "उन्हात वाळवला?"

मी मान हलवली.

"किती दिस?"

"दोन."

"ऊन चांगलं हुतं?"

"कडक होतं."

ते हसले. राग नाही, टोमणा नाही. "आमच्या मंडळीनं पहिल्या वर्षी असंच केलं. पापड वाळवल्यावानी पाच स्पंज पत्र्यावर. तिला मी बोललो, तर ती म्हणाली, घाण धुतली ह्यात माझा काय गुन्हा? आन् तिचं बराबर हुतं. कुणी सांगितलंच नव्हतं."

मग जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसूनच त्यांनी मला सांगितलं. मी ते त्यांच्या शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाही.

"मासा खातो आन् घाण करतो. त्या घाणीत अमोनिया. मुतारीपाशी नाकात जातो बघा, त्योच. त्यानं माशाचं कल्लं जळत्यात. मग मासा जगतो कसा? तर पाण्यात जंतू असत्यात, डोळ्याला न दिसणारं. त्यांच्या दोन पाळ्या. पहिल्या पाळीचं जंतू अमोनिया खात्यात आन् त्याचं नायट्राईट करत्यात. त्येबी ईखच. मग दुसरी पाळी ते उचलती आन् त्याचं नायट्रेट करती. त्ये मासा थोडंफार सोसतो, आन् आपण आठवड्याला थोडं पाणी बदलून त्ये काढून टाकायचं, गुलाबाला घालायचं. ह्या दोन्ही पाळ्या ऱ्हात्यात कुठं? त्या काळ्या स्पंजात. तुम्ही घाण धुतली न्हाई, ताई. कारखान्याचं सगळं कामगार एका दिसात घरी धाडलं."

"परत येतात?" मी विचारलं. त्यांच्याशी मी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

"येत्यात की. पर कुणी बोलवायला पायजे आन् कुणी वाट बघायला पायजे. दुधाचं दही कसं हुतं? विरजण लागतं आन् दम लागतो. दुधाला काय घाई करता येती व्हय?"

मॅडमला काही सांगा किंवा सांगू नका, असं ते बोलले नाहीत. डबा घेऊन स्टँडकडं गेले.

मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी पेशंट गेल्यावर मॅडमपुढं उभी राहिले आणि सांगितलं की वीज नाही, मी मारले. मॅडमनी चष्मा काढला. "अगं, आणि मी चार दिवस वीजवाल्यांना शिव्या घालतेय!" मग म्हणाल्या, "जाऊ दे सुमन, तुला काय माहीत." पण जाऊ दे म्हटल्यानं ते माझ्यापासून जाईना. नव्या अकरा माशांचे पैसे मी देणार, असं मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मॅडमनी मामांना फोन लावला, की तुम्हीच समजवा हिला.

मामा फोनवर म्हणाले, "ताई द्यायला तयार हायत तर मी घेणार. बेचाळीसशे हुत्यात. जमंल तसं द्या. पर घेणार पुरं."

मॅडमना ते जरा कठोर वाटलं. मला नाही वाटलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट झोप लागली.

पण मासे काही ते लगेच देईनात. पाणी तयार झाल्याशिवाय मासा द्यायचा नाही हा त्यांचा नियम, आणि त्यापायी त्यांची किती गिऱ्हाइकं गेली याला मोजदाद नाही. पुढं एकदा मी त्यांच्या घरी असताना एक बंगलेवाले नवी टाकी घेऊन आले होते. संध्याकाळी वाढदिवस, आजच मासे हवेत, दुप्पट देतो म्हणाले. मामा म्हणाले, "दुपारी विरजण लावून तिसऱ्या प्रहरी दही मागताय." ते रागावून दुसऱ्या दुकानी गेले. मामी आतून ओरडल्या, "घालवलं का अजून एक?" मामा म्हणाले, "मासं घालवण्यापरीस गिऱ्हाईक घालवल्यालं बरं. त्ये निदान पवत जाऊन दुसरीकडं तरी जगतं."

विरजण न्यायला मला दौंडला बोलावलं. मामांची पुढची खोली म्हणजे तीन भिंतींना टाक्या, हिरवा उजेड, पंपांची गुणगुण, आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली पांढरी इनॅमलची थाळी, तिच्यावर धरून नळ्यांचे रंग बघायचे. त्यांनी सगळ्यात जुन्या टाकीच्या पेटीतला अर्धा स्पंज कापला. काळा, बुळबुळीत, मी धुतला होता तसाच. तो स्टीलच्या डब्यात त्याच पाण्यात बुडवून माझ्या हातात दिला. "झाकण गच्च लावायचं न्हाई, त्यास्नी हवा लागती. उन्हात ठेवायचं न्हाई. वाटेत कुठं उतरायचं न्हाई. जित्ता जीव हाय म्हणून धरा."

वाटेतल्या मांडवगणपर्यंत एसटीत उभं राहायलाच जागा होती. डबा छातीशी धरून मी उभी. खड्ड्यात गाडी आदळली आणि काळं पाणी एका आप्पांच्या धोतरावर सांडलं. ते उसळले, "अगं बया, काय हाय ह्यात?" कंडक्टरही आला. सगळी गाडी बघायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "विरजण."

आप्पांनी धोतराचा वास घेतला. "ह्या विरजणाचं दही लागलं तर मला वाटीभर धाडू नका, बाई."

सगळी गाडी हसली, आणि आप्पांनी सरकून मला जागा दिली. मामांना हे सांगितलं तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढं ते मला फोन करायचे तेव्हा पहिलं विचारायचे, "काय म्हणतंय वाटीभर दही?"

तो स्पंज टाकीच्या पेटीत बसवला आणि त्यानंतर सहा आठवडे रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी पाणी तपासायची. टाकीत मासा नाही. नुसतं चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया होण्यासाठी. मामांनी एक जुना संच दिला होता. बाटल्यांवर इंग्रजी, म्हणून त्यांनी प्रत्येक बाटलीला रंगीत दोरा बांधून दिला. मी वहीत लिहायची. अमोनिया, हिरवा. अमोनिया, हिरवा. मग एक दिवस पोपटी. त्याच दिवशी नायट्राईटची नळी, जी आभाळी असायची, ती जांभळी झाली. मी एकटीच होते तिथं, तरी मोठ्यानं म्हणाले, पहिली पाळी आली.

मग महिनाभरात जांभळा फिका होत गेला. अमोनिया पिवळा, नायट्राईट आभाळी. पण तिसरी नळी, नायट्रेटची, ती नारंगी व्हायला हवी होती आणि होती पिवळीच. पाच दिवस पिवळी. मी फोनवर सांगितलं. मामा म्हणाले, "मग गेलं कुठं? एका दारानं आत गेलं, दुसऱ्या दारानं बाहेर आलं न्हाई, असं पाण्यात हुत न्हाई."

ते मुद्दाम त्यासाठी शिरूरला आले. मला म्हणाले, माझ्यासमोर करा. मी केलं. नायट्रेटच्या दोन बाटल्या, दुसरी हलवून घ्यायची असते. मी हलवली.

"ही हलवली?"

"हो."

"ताई, ही तुम्ही देवाला हळदकुंकू वाहिल्यावानी हलवली." त्यांनी बाटली घेतली आणि टेबलावर आपटून, मुठीत धरून असं हलवायला लागले की बाहेरचा पेशंट डोकावून बघायला लागला. अर्धा मिनिट. "खरं असतं ते तळाला बसतं. वरवर हलवलं की वरचंच पाणी येतं आन् म्हणतं, सगळं ठीक हाय. ही बाटली लाजत हलवायची नसती."

त्याच पाण्याची नळी पाच मिनिटांत नारंगी झाली, पिकलेल्या आंब्यासारखी. मामांनी मॅडमना बोलावून दाखवली. "ताईंचं पाणी मुरलं," म्हणाले. जणू मी लोणचं घातलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी तीन जुने मासे आणले. पंधरा दिवस गेले, नळ्या ठीक राहिल्या, तेव्हा नवे अकरा आले. त्यातला एकही गेला नाही.

मी दर महिन्याला तीनशे रुपये देत राहिले. दरम्यान मामांचे गुडघे दुखायला लागले आणि शिरूरच्या पाच टाक्या त्यांनी माझ्याकडं दिल्या. मी पाणी बदलायचं, तपासायचं आणि महिन्याला दौंडला जाऊन वही दाखवायची. त्याची मजुरी ते मला मोजून द्यायचे. मग मी त्यातूनच तीनशे काढून त्यांना द्यायची. मामी म्हणायच्या, "अवो, तेवढं कापून द्या की. हितनं तिथं कशाला नाचवताय पैसं?" मामा म्हणायचे, "कापायचं न्हाई. मजुरी येगळी, मासं येगळं. त्यांचं त्यांच्या हातात जाऊ दे, मग त्यांच्या हातानं येऊ दे."

त्यांना एवढं पाण्याचं वेड कशानं, हे मी कधी विचारलं नाही. एकदा तेच बोलले. त्यांच्या गावच्या एका विहिरीवर त्यांच्या आजीला चढू द्यायचे नाहीत. आजी खाली घागर ठेवून बसायची, कुणाला दया आली तर वरून ओतायचं. मामा लहान असताना तिच्याबरोबर बसलेले. "परवा भाच्याच्या लग्नाला गेलो हुतो," ते म्हणाले, "आता काय कुणी अडवत न्हाई. पायऱ्या उतरलो, बाटली भरली. पिशवी संगं हुतीच. नायट्रेट लाल भडक. चहूकडं ऊस, वर्षानुवर्षं युरियाच्या गोणी, सगळं झिरपून विहिरीत."

"मग?"

"मग काय. गेलो पंचायतीत. नळी दाखवली. एक जण म्हणाला, मामा, ही माशाची टेस्ट, माणसाला काय करायची? मी म्हणालो, माशाला सोसत न्हाई ते तुझ्या नातवाच्या बाटलीतल्या दुधाला कसं सोसंल? मोठ्या लॅबला पाणी धाडा. तवर लेकरांना हे देऊ नका." ते थोडा वेळ थाळीवरची रिकामी नळी फिरवत राहिले. "माझ्या आजीनं ज्या पाण्यासाठी दिस दिस वाट बघितली, ते पिऊ नका म्हणून सांगायला मीच गेलो बघा." पंचायतीनं ऐकेपर्यंत ते चार वेळा एसटीनं त्या गावाला गेले. चौथ्या वेळी पाणी लॅबला गेलं.

मग गेल्या उन्हाळ्यात ती गोष्ट झाली.

दौंडला स्टेशनजवळ एका हॉटेलवाल्यानं सहा फुटी टाकी लावली होती. मामांनी त्याला सात आठवडे थांबवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी हॉलचं उद्घाटन. पंचवीस मासे पिशव्यांत भरून मामांच्या दारात तयार. मी त्या दिवशी वही दाखवायला गेले होते, मामा म्हणाले चला संगं. हॉटेलवाला हात जोडून उभा. मामांनी नळी भरली, थेंब टाकले, पाच मिनिटं थांबले. नळी खिडकीकडं धरली. जरा जास्तच वेळ धरली.

"पिवळं," मामा म्हणाले. "अमोनिया न्हाई. आणा मासं."

मी त्यांच्या मागं उभी होते. नळी हिरवी होती. गर्द नाही, पण हिरवी.

मला वाटलं, माझीच नजर चुकत असेल. जो माणूस माझ्या जन्माआधीपासून नळ्या बघतो त्याला मी काय सांगणार, आणि तेही गिऱ्हाइकापुढं. हॉटेलवाल्यानं नोकराला हाकसुद्धा मारली. मासे यायला निघाले होते.

"मामा," मी म्हणाले, "हिरवं हाय."

ते वळले नाहीत. "परत बघा."

मी पुढं होऊन बघितलं. थाळीसारखा पांढरा कागद मागं धरून बघितलं. "हिरवं हाय, मामा."

हॉटेलवाला म्हणाला, "अहो मामा पिवळं म्हणतात ना? तुम्ही कोण बाई?"

मामांनी हात वर केला, नेहमीसारखा. "त्या म्हणत्यात तर हिरवं हाय. मासं परत न्या. तुमच्या माणसानं काल टाकीची वाळू धुतली का, तेवढं इचारून घ्या." वाळू धुतली होती. उद्घाटनाला चकाचक दिसावी म्हणून.

रिक्षात ते पिशवी मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "चार महिने झालं, पिवळं आन् हिरवं मला एकच दिसतंय. मोतीबिंदू. म्हटलं, अंदाजानं निभावंल. पाण्याला इचारतो म्हणून जगाला सांगत फिरलो आन् स्वतः अंदाजानं चाललो हुतो." पुढं म्हणाले, "तुम्ही आज गप ऱ्हायला असता, तर पंचवीस गेलं असतं. माझ्या नावावर."

त्या महिन्यात त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. मुलगी सोलापूरला, ती ऑपरेशन करून घ्या म्हणून मागं लागलीच होती, मामींनाही तिथंच राहायचं होतं. टाक्या एकेक करून योग्य घरी दिल्या, घेणाऱ्याचं पाणी आधी माझ्याकडून तपासून. नळ्यांची पिशवी मात्र दिली नाही. मला वाटलं होतं देतील. म्हणाले, "ह्या ओरखाडल्यात, रंग फसवत्यात. तुम्ही नव्या घ्या. आन् ह्या मला लागत्यात. सोलापुरात पाणी कसं हाय कुणाला ठाव?"

माझे चारशे रुपये राहिले होते. एका महिन्यात माझी आई आजारी पडली म्हणून शंभर कमी गेले होते, ते धरून.

दुपारची गाडी होती. मी दौंडच्या प्लॅटफॉर्मवर पोचले तेव्हा मामा बाकावर बसले होते, मांडीवर रेक्झिनची पिशवी. मामींनी माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि म्हणाल्या, "आता तरी सोडा वो तिला. चारशेचं काय घिऊन बसलाय, निघायच्या टायमाला."

"तू गप," मामा म्हणाले. "त्या द्यायला आल्यात."

मी दोन दोनशेच्या नोटा दिल्या. त्यांनी त्या डोळ्यांजवळ नेल्या, मग बोटांनी कडा चाचपल्या, एक, दोन. आणि परत एकदा, एक, दोन. गाडी फलाटाला लागत होती आणि लोक उठून धावत होते, तरी ते घाईनं उठले नाहीत. नोटा शर्टाच्या खिशात घातल्या. मग माझ्याकडं बघून, पेशंटसमोर नायट्रेटची बाटली हलवली होती तसंच न लाजता, मोठ्या आवाजात, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"पुरं फिटलं, ताई. एक रुपया राहिला न्हाई."

"व्हय, मामा," मीही मोठ्यानं म्हटलं. "फिटलं."